तुम्ही विचारलंत म्हणून: २८ दिवस उलटून गेल्यावर

सिडनीतल्या मराठी घरांतून मला एक प्रश्न सारखा येतो. "ताई, शिक्षा होऊन २८ दिवस उलटून गेले. आता अपील संपलंच ना?"

मी आधी विचारते, शिक्षा कुठल्या कोर्टाने दिली? न्यू साउथ वेल्समध्ये सगळं त्यावर ठरतं. दारू पिऊन गाडी चालवल्याचं प्रकरण बहुधा लोकल कोर्टातलं. तिथून डिस्ट्रिक्ट कोर्टात जायला २८ दिवस. ते हुकले तर परवानगी मागता येते, पण शिक्षेपासून ३ महिन्यांच्या आत. त्यापुढे कारण कितीही खरं असो, उपयोग नाही. तेव्हा आज कॅलेंडर बघा, बाकीचं मग बोलू.

डिस्ट्रिक्ट किंवा राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या शिक्षेचं वेगळं. ते अपील राज्याच्याच 'कोर्ट ऑफ क्रिमिनल अपील'कडे जातं, आणि हे कोर्ट मुदत वाढवू शकतं, अगदी काही वर्षांनीही. काही गुन्ह्यांना पॅरोलआधी किती कैद भोगायची, याचं प्रमाण कायद्यात दिलेलं आहे. त्याला किती वजन द्यायचं हे २००४ मध्ये याच कोर्टाने सांगितलं आणि सात वर्षं न्यायाधीश तसंच करत आले. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च कोर्टाने, मल्ड्रॉक निकालात ते चूक ठरवलं. मग तुरुंगांतून उशिराचे अर्ज आले, तेव्हा कैद्यांना सांगितलं गेलं, मोठा अन्याय झाल्याचं दाखवा. २०१४ च्या केंटवेल निकालाने ती अट मोडीत काढली: मुदत वाढवणं न्यायाच्या हिताचं आहे का, एवढंच बघायचं. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. चूक कोर्टाची आणि आत बसलाय माणूस. त्याला तारीख दाखवून परत पाठवणं मला कधीच पटलं नाही.

मात्र कोर्ट ऑफ क्रिमिनल अपीलमध्ये 'शिक्षा जास्त वाटते' एवढ्यावर भागत नाही. न्यायाधीशांची चूक दाखवावी लागते, किंवा शिक्षा उघड उघड अवाजवी असल्याचं. उशिराचाही खुलासा प्रतिज्ञापत्रावर द्यावा लागतो: मध्येच तुरुंग बदलला, कागद मिळाले नाहीत, लीगल एडचं उत्तर यायला महिने लागले. सगळं तारखांसकट. आणि चूक सिद्ध झाली की शिक्षा नव्याने ठरते. कायद्याने ती वाढवायचीही मुभा आहे. म्हणून शिक्षा सुनावताना न्यायाधीश काय बोलले, त्याची लेखी प्रत आधी मागवा आणि फौजदारी अपिलं चालवणाऱ्या वकिलाला दाखवा.