हतनूरच्या पाण्याखालची तापी: ७०० फुटांची रेषा सापडली

हतनूर धरणाच्या जलाशयात बुडालेला तापी-पूर्णेचा काठ मी धरणाआधीच्या नकाशांवरून संगणकावर पुन्हा उभा करतोय. त्यासाठीच्या दोन शीटांचा, म्हणजे नकाशांचा, जोड एकदाचा बसला. ७६° रेखावृत्त चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमाजवळून जातं, त्यामुळे हतनूरचा फुगवटा (धरणामागे साचलेलं पाणी) दोन टोपोशीटांत, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणाऱ्या नकाशांत, वाटला गेलाय. भुसावळ आणि धरणाची भिंत ४६ ओ/१६ क्रमांकाच्या शीटवर, तर मुक्ताईनगर, म्हणजे जुन्या शीटवरचं एदलाबाद, ५५ सी/४ वर. माझ्याकडच्या प्रती मैलाला एक इंच प्रमाणाच्या, धरणाआधीच्या.

जिओरेफरन्स करताना, म्हणजे स्कॅन केलेला नकाशा खऱ्या अक्षांश-रेखांशांवर बसवताना, एव्हरेस्ट डेटम (या जुन्या शीटांच्या मोजणीचा आधार) निवडायलाच हवा. थेट डब्ल्यूजीएस ८४ वर, म्हणजे जीपीएसच्या आधारावर, टाकलं तर नकाशा सुमारे शंभर मीटर सरकतो. कागद ताणलेला असतो, म्हणून चार कोपऱ्यांवर भागत नाही; मधल्या पाच-पाच मिनिटांच्या खुणाही घेतल्या. पडताळणीला भुसावळजवळचा तापीवरचा रेल्वे पूल.

आता खरी गंमत. हतनूरची पूर्ण संचय पातळी २१४ मीटर, म्हणजे साधारण ७०२ फूट. या शीटांवर समोच्च रेषा (कंटूर, सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) दर ५० फुटांनी आहेत, आणि त्यातली ७०० ची रेषा भरलेल्या जलाशयाच्या काठाला जवळजवळ लागून जाते! सॅटेलाइट चित्रावर ती ठेवली तेव्हा मी बराच वेळ नुसता बघत बसलो. धरण १९८२ चं, रेषा त्याआधीच्या सर्व्हेयरची.

पण ७०० च्या आत काय होतं ते कंटूर सांगत नाहीत. तापीकाठच्या घळी खोल, अरुंद, आणि ५० फुटांच्या अंतरात सहज हरवणाऱ्या. तिथे कड्यांच्या काळ्या खुणांशेजारचे 'आर'वाले आकडे कामाला येतात. ती समुद्रसपाटीपासूनची उंची नव्हे, त्या जागी कडा किती उंच आहे ते. जुन्या शीटवर फुटांत, मेट्रिक शीटवर मीटरमध्ये. दोन्ही संगणकावरच्या नकाशाच्या एकाच लेयरमध्ये (थरात) भरू नका. माझ्या मते बुडालेला काठ उभा करायला या आकड्यांइतकं मोलाचं दुसरं काही शीटवर नाही, आणि बहुतेक जण ते डिजिटाइज करतच नाहीत.

तापीचा काठ भरून झालाय, पूर्णेचा निम्मा राहिलाय. गावठाणं, पाऊलवाटा आणि नदी ओलांडायच्या उताराच्या जागा वेगळ्या लेयरवर चढवतोय. काठावरच्या गावांतल्या जुन्या माणसांना नदी कुठून ओलांडायचे ते विचारून या जागा पक्क्या करायच्या आहेत. नंतर पश्चिमेला नवापूरचं ४६ जी/१६ आणि उकाई धरणाचा फुगवटा. त्या शीटची घडी न पडलेली, धरणाआधीची प्रत कुणाकडे असेल तर स्कॅन ४०० डीपीआयच्या खाली करू नका. 'आर'चे आकडे पुसट होतात.