पद्मिनीचे पॉइंट आणि घाटातलं मिसिंग

बाबांची 1986ची पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट गाडी, सपाटीवर सुरेख चालायची. खंबाटकी घाट लागला की मात्र मिसिंग, म्हणजे इंजिनाचे ठोके चुकणं, सुरू. पाय दाबला की आचके, सायलेन्सरमधून फटाके आणि टेम्परेचरचा काटा वर. ज्याला विचारावं तो कार्बोरेटरकडे बोट दाखवायचा. जेट साफ झाले, पेट्रोल पंपाचा डायफ्राम बदलला, प्लग नवे आले. घाटातलं रडगाणं तसंच.

शेवटी उभी हयात फियाट टॅक्सी दुरुस्त केलेल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, “डेल्को उघडलात का?” डेल्को, म्हणजे प्लगना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर, कुणीच उघडला नव्हता. स्टार्ट होतेय म्हणजे करंट ठीक आहे, असं सगळ्यांनी धरून चाललेलं.

झाकणाच्या क्लिपा काढल्या, रोटर उचलला आणि स्क्रू ड्रायव्हरने पॉइंट, म्हणजे उघडून स्पार्क पाडणारे आतले दोन संपर्क, फाकवून टॉर्चच्या उजेडात पाहिले. धडधाकट पॉइंट फिकट करडे आणि सपाट असतात. इथे एकावर टेकडी, समोरच्यावर खड्डा, कडा निळसर काळ्या. फिरत्या शाफ्टवरच्या कॅमवर घासून पॉइंट उघडणारी फायबरची टाच तर इतकी झिजलेली, की कॅमच्या उंचवट्यावरही पॉइंट जेमतेम उघडत होते. लुकास कंपनीच्या डेल्कोला पॉइंट उघडल्यावर साधारण 0.35 ते 0.40 मिमी गॅप लागते. इथे तिच्या निम्मीही नव्हती.

चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेतं तेव्हा हे पॉइंट मिनिटाला 6000 वेळा उघडतात, टाच झिजणारच. टाच झिजली की पॉइंट उशिरा उघडतात, म्हणजे स्पार्कही उशिरा पडतो आणि टायमिंग आपोआप मागे जातं. सपाटीवर ते खपून जातं. चढावर थ्रॉटल पूर्ण उघडला की सिलिंडरमधला दाब वाढतो, स्पार्कला जास्त व्होल्टेज लागतं, आणि जळक्या पॉइंटमुळे नेमकं तेच मिळत नाही. काटा चढत होता त्यातही या उशिराचा हात होता.

पॉलिश पेपरने घासू का, असं विचारल्यावर मिस्त्री म्हणाले, “घासा, पण घरी पोचण्यापुरतं.” टेकडीवाल्या पॉइंटमध्ये फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पाती, फसवतं. पाती टेकडीच्या माथ्यावर अडते आणि खरी फट त्याहून मोठी राहते. म्हणून नवेच आणायचं ठरलं.

नाना पेठेत पॉइंट मिळाले. 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी उरली नाही, तेव्हा या मालाला गिऱ्हाईक कुठलं, अशी दुकानदाराची कुरकुर ऐकून घेतली. सोबत पॉइंटमधली ठिणगी आवरणारा कंडेन्सर घेतला, आणि ते महत्त्वाचं. टेकडी-खड्डा इतका ठळक असेल तर कंडेन्सरवर संशय घ्यायचाच. तो तसाच ठेवला तर नवे पॉइंटही त्याच वाटेने जातात.

बसवण्याआधी पॉइंटवरचा तेलाचा पापुद्रा पेट्रोलने पुसला, फिलर गेजची पातीही पुसली. कॅमला ग्रीसचं अगदी बोट लावलं. जास्त लावलं की ते उडून पॉइंटवर जातं आणि जळतं. अजिबात नसेल तर कोरडी टाच भराभर झिजते, आणि आमच्या गाडीत कॅम ठणठणीत कोरडाच होता. शाफ्ट आडवा हलवून पाहिला. शाफ्टला धरणारे बुश ढिले असते तर गॅप दर उंचवट्याला वेगळी आली असती, मग नवे पॉइंट घालून काही उपयोग नव्हता. चारही ठिकाणी मोजली, सारखी होती.

मग टायमिंग. पुलीवरची खूण जुळवली, कॉइलकडून डेल्कोला येणाऱ्या टोकाला टेस्ट लॅम्पची एक वायर, दुसरी बॉडीला, आणि इग्निशन ऑन. डेल्को हळूहळू फिरवत नेला. ज्या क्षणी बल्ब लागला तिथे पॉइंट उघडले, तिथेच बोल्ट कसला.

पुढच्या खेपेला घाट तिसऱ्यात चढला. पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक किट बसवायचा सल्ला अजून मिळतो, पण पॉइंट रस्त्याच्या कडेला घासून घरी येता येतं. किटमधलं मॉड्यूल बंद पडलं तर त्याचं काय करणार?

नवी टाच पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये थोडी बसते, म्हणून नंतर गॅप परत मोजली. कमी झाली होती. ती लावून घेतली आणि टायमिंगही पुन्हा बल्बवर पाहिलं, कारण गॅप बदलली की तेही सरकतं.