टर्कीच्या पोटातलं सारण आणि माझा सव्वा तास

निष्कर्ष आधीच सांगून टाकते. पावाचं सारण टर्कीच्या (कोंबडीहून बऱ्याच मोठ्या पक्ष्याच्या) पोटात भरू नका, वेगळ्या ट्रेमध्ये भाजा. ज्यांना घाई आहे त्यांनी एवढं वाचून उठलं तरी चालेल. मी मात्र गेल्या नोव्हेंबरातल्या त्या गुरुवारी ओव्हनसमोर स्टूल टाकून सव्वा तास बसले होते आणि तो सव्वा तास अजून डोक्यातून गेलेला नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

बावीस वर्षं न्यू जर्सीत काढली, पण थँक्सगिव्हिंगला, म्हणजे इथल्या नोव्हेंबरातल्या टर्की-जेवणाच्या सणाला, आमच्या घरात टर्की कधी आली नव्हती. चार दिवस सुट्टी, मंडळातली तीन-चार कुटुंबं, मटणाचा रस्सा, सासूबाईंसाठी भरली वांगी, रात्री पत्ते. हाच आमचा थँक्सगिव्हिंग. मग लेकीचं लग्न ठरलं. मुलगा पेन्सिल्वेनियाचा, लँकेस्टरकडचा. व्याही-विहीण पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला येणार आणि तेही नेमके त्या दिवशी. लेकीने मला बजावलं, "आई, बिर्याणी नको हं. त्या दिवशी त्यांना त्यांचंच जेवण लागतं."

विहीणबाईंनी (मला नावानेच हाक मारा असं त्या म्हणतात, पण माझी जीभ वळत नाही) लेकीकडे एका जुन्या कार्डाचा फोटो पाठवला. त्यांच्या आजीच्या हातचं कार्ड, वर लिहिलेलं 'फिलिंग'. बाकी अमेरिका ज्याला स्टफिंग म्हणते आणि दक्षिणेतले लोक ज्याला ड्रेसिंग म्हणतात, त्याला यांच्याकडे फिलिंग म्हणतात. मला उलट बरं वाटलं. फिलिंग म्हणजे सारण. मोदकाचं, करंजीचं, पुरणपोळीचं, वांग्याचं, सगळी सारणं या हातांनी केलीत. पावाचं काय मोठंसं!

कार्डावर पाव, कांदा, सेलरी, लोणी, अंडी, पार्सली आणि शेवटी चिमूटभर केशर. केशर वाचून मी चष्मा पुसला. पण जावईबापूंनी सांगितलं की लँकेस्टर आणि लेबनन काउंटीतली जुनी जर्मन वंशाची शेतकरी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या परसात केशर लावत आली आहेत, कोंबडीच्या रश्शात आणि फिलिंगमध्ये ते घालतातच. माझ्या डब्यात श्रीखंडासाठी आणलेलं होतं. तेवढ्यावरून मला उगाचच वाटलं की हे जमणार.

कार्डावर शेवटची ओळ होती, 'पक्ष्यात भरा आणि होईपर्यंत भाजा.' होईपर्यंत! या एका शब्दाने माझा घात केला.

पावाचं आधी सांगते, कारण तिथेही एक गंमत झाली. शिळा पाव घ्या असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मी सोमवारी पावाच्या स्लाइस ताटात पसरून ओट्यावर उघड्या ठेवल्या. मंगळवारी सकाळी बघते तर सासूबाईंनी सगळ्या पुन्हा पिशवीत भरून, पिशवीला गाठ मारून ठेवलेल्या. अन्न उघडं ठेवू नये. मी परत पसरल्या. बुधवारी सकाळी परत गाठ. शेवटी कळलं की नुसत्या शिळेपणाचा उपयोगही नसतो. शिळा पाव चिवट होतो, पण त्यातलं पाणी बरंचसं आतच असतं, त्यामुळे रस शोषायला जागा राहत नाही आणि सगळ्याचा गिचका होतो. खरं काम ओव्हनचं. अर्ध्या इंचाचे तुकडे करून ३०० अंश फॅरनहाइटवर पाऊण तास, मधे एकदा हलवून, चहात बुडवायच्या टोस्टइतके कडक करायचे. ताजा पाव असला तरी चालतो. सासूबाई आणि मी, दोघींचेही तीन दिवस वाचले असते.

बाकीची तयारी सुरळीत झाली, तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. एक पौंड पावाला लोण्याची एक कांडी (अर्धा कप), दोन कांदे, सेलरीचे चार देठ, अडीच कप कोंबडीचा रस, दोन अंडी. मी दीडपट केलं. सेज नावाची पानं घालतात, त्यांना कापरासारखा उग्र वास असतो, हात आखडता ठेवा. सासूबाईंसाठी वेगळा ट्रे केला. भाज्यांचा रस, अंडी नाहीत, सफरचंद, अक्रोड, आणि रहावलं नाही म्हणून दोन हिरव्या मिरच्या. तो बुधवारी संध्याकाळीच भाजून, गार करून फ्रिजमध्ये ठेवला. भाजताना सासूबाई येऊन वास घेऊन गेल्या. "फोडणीचा पाव करतेस होय? मग एवढं लोणी कशाला?"

त्याच रात्री मी टर्कीचं सारणही कालवून ठेवलं. रस, अंडी, सगळं घालून. सणाच्या आदल्या रात्री पुरण वाटून ठेवलं की सकाळी हात मोकळा राहतो, तोच हिशेब. डबा फ्रिजमध्ये गेला आणि मी निवांत झोपले. माझी सगळ्यात मोठी चूक ती, पण ती मला दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता कळली.

गुरुवारी सकाळी तेरा पौंडांची टर्की बाहेर काढली. (गोठलेली टर्की फ्रिजमध्येच वितळवावी लागते, चार-पाच पौंडांना एक दिवस धरा. म्हणजे हिला तीन दिवस. ती मी रविवारीच फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवली होती, हे माझं शहाणपण.) सारणाचा तो गारढोण गोळा तिच्या पोटात भरला. भरला म्हणजे कोंबला. करंजीत सारण जास्त झालं तर तेलात फुटते हे मला वयाच्या आठव्या वर्षापासून ठाऊक आहे. पण पक्षी फुटत नाही, त्यामुळे हाताला अंदाजच येत नाही. वरून चमच्याने दाबून आणखी दोन पळ्या घातल्या. सव्वादहाला ३२५ अंशावर टर्की आत. जेवण अडीचला ठरलेलं.

पाहुणे दीडला आले. व्याही उंच, मितभाषी. विहीणबाई हातात पाय घेऊन. म्हणजे भोपळ्याचा पाय, ओव्हनमध्ये भाजलेला गोड पदार्थ, गैरसमज नको. दारातूनच त्यांनी वास घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला. "तुम्ही आतच भरलंय ना?" मी अभिमानाने मान हलवली.

दोनला पाच कमी असताना टर्की बघितली. वरून तांबूस, चकचकीत, मासिकातल्या फोटोसारखी. लेकीने काडीसारखा थर्मामीटर आणला होता. मी आयुष्यात थर्मामीटर लावून स्वयंपाक केलेला नाही. पुरणात उलथनं उभं राहिलं की पुरण झालं, हा माझा थर्मामीटर. पण लेकीने काडी छातीत खुपसली, १६५. मांडीत, १७६. दोन्हीकडे पास. मग तिने काडी पोटातल्या सारणाच्या मध्यात घातली.

११८.

मी म्हटलं, काडी बिघडली. नवऱ्याने ती उकळत्या पाण्यात धरून बघितली, बरोबर २१२ दाखवलं. काडी ठीक होती.

इथे माझ्यासारख्यांना प्रश्न पडतो, पाव तर आधीच भाजलेला आहे, तो आणखी कशाला शिजायला हवा? लेकीने वाचून दाखवलं. कच्च्या टर्कीचा रस भाजताना त्या पावात झिरपत असतो, आणि त्यात साल्मोनेला, म्हणजे पोट बिघडवणारा जीवाणू, असू शकतो. शिवाय आपली अंडी असतात. म्हणून इथल्या कृषी खात्याचा नियम आहे की मांसच नव्हे, सारणाचा मध्यसुद्धा १६५ अंशांना, म्हणजे सेल्सिअसमध्ये ७४ला, पोचलाच पाहिजे. पाहुण्यांत ऐंशीच्या घरातले व्याही. नियम मोडायचा प्रश्नच नव्हता.

टर्की परत आत. मी स्टूल ओढलं.

दोन वाजून दहा मिनिटं: १२२. बाहेर नवरा व्याह्यांना घराच्या छपराबद्दल सांगत होता. दोन पंचवीस: १२७. उकडलेले बटाटे कुस्करून झाले होते, त्यांच्यावर साय धरली. पावणेतीन: १३३. सासूबाई आत आल्या. त्या अकराला जेवणाऱ्या, आज पाहुण्यांसाठी थांबलेल्या. "अगं, कुकरमध्ये टाक की एक शिट्टी," म्हणाल्या. मला हसूही आलं नाही. दर दहा मिनिटांनी दार उघडायचं, काडी घालायची, आकडा बघून दार बंद. आणि प्रत्येक वेळी दार उघडलं की ओव्हनची ऊब भस्सकन तोंडावर यायची. मीच ती बाहेर घालवत होते हे कळत होतं, पण हात थांबत नव्हता. भात होत आला की झाकण उघडून बघणाऱ्या पोरांना मी किती वेळा ओरडलेय.

तीनला: १३७. छातीचं मांस आता १८० च्या पुढे गेलेलं. म्हणजे पोटातलं शिजावं म्हणून बाहेरचं वाळत होतं. इथे मला ते उमगलं. पाव म्हणजे भरपूर हवा धरून ठेवणारी वस्तू, गोधडीच जणू. ती मी फ्रिजमधली गार घेतली, घट्ट दाबली, आणि भोवती मांसाच्या-हाडांच्या भिंती. ऊब शिरणार कुठून? ओलं सारण कालवून रात्रभर गार करूच नये, भरायचंच असेल तर सकाळी कोरडं-ओलं एकत्र करून लगेच, सैलसर भरावं आणि लगेच ओव्हनमध्ये ठेवावं. टर्कीच्या पौंडाला पाऊण कप सारण, त्याहून जास्त नाही. हे सगळं मी नंतर वाचलं, पण कारण मात्र त्या स्टुलावरच कळलं होतं.

तीन वाजून दहा मिनिटांनी विहीणबाई स्वयंपाकघरात आल्या. माझे प्राण कंठाशी आले होते. मी नुसता आकडा दाखवला, १४१. त्यांनी एकदा टर्कीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, बाह्या सरसावल्या आणि म्हणाल्या, "मोठा चमचा आहे?"

आम्ही दोघींनी मिळून पोटातलं सगळं सारण खरवडून काचेच्या ट्रेमध्ये पसरलं. ओव्हन ४०० वर. टर्की बाहेर, तिच्यावर फॉइल. भाजलेल्या पक्ष्याला नाहीतरी वीसेक मिनिटं विसावू द्यायचंच असतं, तेव्हा कापताना रस वाहून जात नाही. शेजारी सासूबाईंचा ट्रे गरम करायला सरकवला. पंचवीस मिनिटांत १७०. पंचवीस! सव्वा तासात जे तेवीस अंश चढलं, त्याच्यापुढचं एवढं पंचवीस मिनिटांत.

सारण खरवडताना विहीणबाई सहज म्हणाल्या की त्यांची आई तर कायम भांड्यातच भाजायची. पोटात भरायची ती आजी. मी चमचा खाली ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले. मग कार्ड आजीचं का पाठवलं? तर म्हणे, अक्षर सुंदर आहे.

पावणेचारला पानं मांडली. टर्कीची छाती कोरडी होती, ग्रेव्ही ओतून ओतून खाल्ली सगळ्यांनी. केशराचं सारण चांगलं झालं होतं, वरून खरपूस, आतून मऊ. पण आधी संपत आला तो मिरचीवाला ट्रे. व्याह्यांनी तीनदा घेतलं. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी त्यातलं उरलेलं तव्यावर मोहरी-हिंगाच्या फोडणीत परतून, लिंबू पिळून खाल्लं. आता कुठे याला चव आली, म्हणाल्या.

यंदा आम्ही लँकेस्टरला जातोय. टर्की त्यांची, सारण माझं. लेकीला सांगून ठेवलंय की मी ट्रे घेऊन येणार, ओव्हनमध्ये एक कप्पा रिकामा ठेवा म्हणावं.

आणि हो, एक राहिलंच. जेवण झाल्यावर गप्पांच्या नादात सारण टर्कीच्या पोटात तसंच ठेवून टर्की फ्रिजमध्ये ढकलू नका. दोन तासांच्या आत सगळं बाहेर काढून पसरट डब्यांत ठेवा, तीन-चार दिवस टिकतं. आमच्याकडे ते एवढं उरलंच नाही, तो भाग वेगळा.