रिझ्युमेत लिहायला काहीच नाही म्हणे

मागच्या रविवारी भाचा आला होता साताऱ्याहून. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, तिकडंच एका टॅक्स कन्सल्टंटकडं अकाउंट असिस्टंटची जागा निघालीय, आणि मी गेली चौदा वर्षं भोसरीत एका कंपनीत अकाउंट्सला, मुलाखतींना साहेब मलाही बसवतात, म्हणून ताईनं त्याला रिझ्युमे देऊन माझ्याकडं पिटाळलेलं.

कागद बघितला आणि हसूच आलं. वर करिअर ऑब्जेक्टिव्ह, ते चार ओळींचं इंग्रजी जे आमच्याकडं येणाऱ्या निम्म्या पोरांच्या रिझ्युमेत जसंच्या तसं असतं, पहिल्यांदा कुणी लिहिलं देव जाणे. खाली हार्डवर्किंग, टीम प्लेअर, क्विक लर्नर. हॉबीज रीडिंग, म्युझिक, क्रिकेट. म्हटलं शेवटचं पुस्तक कुठलं वाचलंस रे? तर नुसता मान खाली घालून हसतोय. "मावशी, सगळेच लिहितात. मी कुठं काम केलंय? दुसरं लिहायला हाय काय माझ्याकडं?"

आता हे पोरगं गेली तीन वर्षं गल्लीतल्या गणपती मंडळाचा खजिनदार आहे, रोज सकाळी सहाला डेअरीला दूध घालून मग कॉलेजला जातं, एनएसएसला दोन वर्षं काढलीत, आणि म्हणतंय लिहायला काही नाही!

मग मी चहा ठेवला आणि बसले उकरत. खजिनदार म्हणजे नेमकं काय करतोस? "काय नाय, पैसे सांभाळायचे." असं नाही, पहिल्या दिवसापासून सांग. तेव्हा कुठं एकेक निघायला लागलं. वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१ क ची परवानगी काढायची, उत्सव झाला की हिशेब द्यायचा, ते सगळं हाच बघतो. पावती पुस्तकं दहा, प्रत्येकावर नंबर, कुठलं पुस्तक कुणाला दिलं त्याची वहीत सही. रोज रात्री आरतीनंतर स्थळप्रती, म्हणजे पावती फाडल्यावर पुस्तकात उरते ती प्रत, आणि रोकड समोरासमोर. क्यूआर कोडवर आलेले पैसे वेगळे, ते बँकेच्या स्टेटमेंटवर एकेक करून टिक मारायचे, कारण लोक पैसे पाठवतात आणि पावती न्यायला येतच नाहीत. सगळं मिळून दीडेक लाखाचा व्यवहार.

म्हटलं अरे, याला काय म्हणतात? तो गप्प. बँक जुळवणी पत्रक शिकलास ना अकरावीला? "शिकलोय की. पण ते पुस्तकातलं ना." इथंच तर घोडं अडलंय. परीक्षेत या गणिताला मार्क मिळवलेत आणि दरवर्षी देवळाच्या कट्ट्यावर बसून तेच करतोय, पण दोन्ही एकच आहे हे कुणी त्याला सांगितलेलंच नाही.

मग म्हणाला, गेल्या वर्षी ४५० रुपये कमी भरले होते. वहीतली बेरीज जास्त, पेटीतली रोकड कमी. बाकीचे म्हणाले किरकोळ खर्चात टाक आणि मोकळा हो, पण हा ऐकेना, दहाही पुस्तकं घेऊन रात्री दोनपर्यंत बसला. शेवटी सापडलं, स्थळप्रतीवर ५१ होते आणि वहीत उतरवताना ५०१ लिहिलेले. मी त्याला आमच्या जुन्या हेड अकाउंटंटची युक्ती सांगितली. फरकाला ९ नं पूर्ण भाग गेला की आधी आकडे उलटसुलट झालेत का, नाहीतर मधलं शून्य गळालंय किंवा वाढलंय का ते बघायचं. ४५० भागिले ९, बरोबर ५०. पोरगं असलं चिडलं, "आधी नाही सांगायचं का!"

आणि मग गडी एकदम उडायलाच लागला. लीडरशिप लिहू? इव्हेंट मॅनेजमेंट लिहू? ते ४५० चं क्रायसिस मॅनेजमेंटमध्ये टाकू का? म्हटलं थांब बाबा. आमच्याकडं एकानं एनएसएस शिबिरात टीम लीडर होतो म्हणून लिहिलं, आणि टीममध्ये किती जण होते विचारलं तर बघतच राहिला. मोठा शब्द लिहिला की समोरचा दुसरा प्रश्न विचारतोच. त्यापेक्षा सरळ लिही, तीन वर्षं खजिनदार, वर्षाला साधारण दीड लाखाचा जमाखर्च, रोजचा रोकड मेळ, ऑनलाइन जमेची बँक स्टेटमेंटशी जुळवणी. बास. वाचणाऱ्याला कळतं.

डेअरीचं तो लिहायलाच तयार नव्हता. "मावशी, शेण-दूध कशाला ऑफिसात?" मला माझीच आठवण झाली. मी रयतच्या कॉलेजात शिकले, कर्मवीर अण्णांनी १९१९ ला काल्याला सुरू केलेली संस्था, तिथं कमवा आणि शिका मध्ये मी लायब्ररीत पुस्तकांवर नंबर घालायचे आणि रजिस्टर उतरवायचे. पहिल्या रिझ्युमेत त्यातलं अक्षर लिहिलं नव्हतं, लाज वाटायची. असो.

तर डेअरी. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरून ठरतो, त्याच्या खाली गेलं की कापतात. हा रोजच्या चिठ्ठ्या खिळ्याला टोचून ठेवतो आणि दहा दिवसांच्या बिलाशी पडताळतो, एकदा संध्याकाळची एक पाळी बिलात धरलीच नव्हती ती यानंच पकडून दिली. फॅट घसरायला लागली तेव्हा नुसता हिरवा चारा चाललाय म्हणून कडब्याची कुट्टी सुरू करायला लावली भावजींना. आता अकाउंटच्या जागेसाठी त्यातलं बिल पडताळणं तेवढं कामाचं. उद्या एखाद्या दूध संघात क्वालिटीला अर्ज केलास तर कुट्टीची गोष्ट वर घ्यायची आणि मंडळ खाली. रिझ्युमे एकच छापून सगळीकडं वाटायचा नसतो, ती काय लग्नपत्रिका आहे?

एनएसएसचं एका ओळीत भागलं. सात दिवसांच्या शिबिरात वनराई बंधारा बांधला होता, त्याला लागणारी सिमेंटची रिकामी पोती यानं गावातल्या बांधकामांवर फिरून फुकटात जमवली होती, तीनशेच्या वर. ते लिहिलं. रीडिंग काढलं. क्रिकेट राहू दे म्हणाला, राहू दिलं.

गुरुवारी मुलाखत आहे. काल रात्री ताईचा फोन, पोरगं मंडळाच्या ट्रंकेत पताकांच्या खाली गेल्या वर्षीचं पावती पुस्तक शोधतंय, ५१ ची स्थळप्रत मुलाखतीला दाखवायला न्यायचीय म्हणे. त्याला फोन द्यायला सांगितला आणि म्हटलं अरे देवा, ते नको नेऊस. आणि ती चुकीची नोंद कुणाच्या अक्षरातली होती, ते विचारायचं राहिलंच होतं बघ. थोडा वेळ पलीकडून काहीच नाही.

"माझ्याच," म्हणाला.