सोसायटीतलं मोठं झाड काढायचंय? आधी त्याचं वय बघा

महाराष्ट्रातल्या शहरी भागात झाड आपल्या आवारातलं, आपणच लावलेलं असलं तरी परवानगी लागतेच. १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा खासगी जागेलाही लागू आहे. बुंध्याची साल सोलणं, मुळाशी जाळणं हेही या कायद्यात 'झाड तोडणं'च ठरतं. त्यामुळे 'आपोआप वाळलं' म्हणून सुटता येत नाही, आणि सुटूही नये.

अर्ज पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे. सोबत जागेचा नकाशा, मालकीचा कागद, सोसायटीचा ठराव आणि फोटो जोडा. फोटोत अख्खं झाड तर हवंच, पण बुंध्यातली पोकळी, वाळवी, भिंतीला गेलेला तडा जवळून दिसला पाहिजे. झाडं जास्त असतील तर नकाशावरचा क्रमांक प्रत्येक बुंध्यावरही टाका. पाहणीला आलेल्या माणसाला नेमकं झाड सापडलं नाही की अर्ज तिथेच रखडतो. 'पानांचा कचरा होतो' हे कारण देऊ नका. फांदी धोकादायक असेल तर फक्त छाटणी मागा.

खरी मेख वयात आहे. २०२१ च्या दुरुस्तीनुसार झाडाचं जितकं वय, तितकी नवी रोपं लावायची. पस्तीस वर्षांचा गुलमोहर म्हणजे पस्तीस रोपं, तीही सहा ते आठ फुटी, आणि पुढे सात वर्षं जगवायची. एवढी जागा आवारात आहे का, हे अर्जाआधीच मोजा. पन्नाशी ओलांडलेलं झाड 'प्राचीन वृक्ष' मानलं जातं. तिथे झाड तोडण्याऐवजी भिंत सरकवता येते का, ते आधी तपासा.