स्लाइडवर काहीच दिसेना

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी भाईंदरच्या मिठागरातून बाटलीभर पाणी आणलं, तेव्हा एप्रिल संपत आला होता आणि वाफ्यातलं पाणी कोकम सरबतासारखं लाल झालं होतं. 25 टक्के मिठाच्या अगारवर, म्हणजे सूक्ष्मजीव वाढवायच्या जेलीवर, ते पसरलं, प्लेट सुकू नयेत म्हणून पिशवीत बांधून ठेवल्या. एरवी रात्रीत वाढ दिसते. इथे लाल ठिपके अकराव्या दिवशी उमटले.

ठिपक्याचा स्मिअर, म्हणजे पातळ थर, स्लाइडवर पसरून ग्रॅम स्टेनने रंगवला. मायक्रोस्कोपखाली काहीच नाही! तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा मी रडकुंडीला आले.

"स्मिअर कशात केलास?" मॅडमनी विचारलं.

"डिस्टिल्ड वॉटरमध्ये."

"मग फुटल्या ना गं पेशी!"

मिठाच्याच पाण्यात स्मिअर करून 2 टक्के ॲसेटिक ॲसिडने फिक्स केला, म्हणजे स्लाइडवर पक्का केला, 1955 पासूनची रीत आहे ही. गुलाबी काड्या दिसल्या.

खरं अडलं ते पुढे, व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, तयारीत. एवढ्या खारात या पेशी सुकत कशा नाहीत? हॅलोबॅक्टेरियम सॅलिनारम या अशाच खारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवाबद्दल वाचलं. त्याच्या पेशीतही जवळजवळ तेवढाच खार असतो, पण सोडियमचा नव्हे, पोटॅशियमचा. श्वसनातून किंवा उजेडातून मिळालेल्या ऊर्जेवर ती पेशी धनभारित प्रोटॉन बाहेर टाकते. उजेडावर चालणारा पंप म्हणजे 1971 साली ओस्टरहेल्ट आणि स्टोकेनियस यांनी दाखवलेलं बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन हे प्रथिन. प्रोटॉन गेल्याने आतली बाजू ऋण होते आणि पोटॅशियम आत ओढला जातो. क्लोराइड स्वतःच ऋण, त्याला आत आणायला ऊर्जा खर्चावी लागते. हॅलोऱ्होडॉप्सिन नावाचं दुसरं प्रथिन हे काम उजेडावर करतं.

सोडियमपाशी मी दोन दिवस अडकले. प्रोटॉन आत घेऊन त्यांच्या बदल्यात सोडियम बाहेर काढायचा, हा खटाटोप कशासाठी? मग मिठागर आठवलं. भरतीला फळी उचलली की खाडीचं पाणी आपसूक वाफ्यांकडे धावतं, उपसावं लागत नाही. पेशीच्या पडद्याबाहेर साठलेला सोडियमही तसाच आत यायला टपलेला असतो, आणि येताना अमिनो आम्लं सोबत घेऊन येतो. ज्या मिठाला ती निव्वळ सोसते असं मी समजत होते, त्याच्याच जोरावर ती जेवते! त्या रात्री मला झोप लागली नाही.

व्हायवात परीक्षकांनी अन्नाबद्दलच विचारलं. मी खडू घेऊन फळ्यावर पडदा काढला, सोडियमचे बाण आधी बाहेर आणि मग ल्युसिन या अमिनो आम्लाला घेऊन आत.