कूस बदलायची राहिली

परिचारिकांचा वेळ नेमका कशात जातो याची नोंद घेण्यासाठी मी इंदूरमधील, डॉक्टर-परिचारिकांना शिकवणाऱ्या एका मोठ्या रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात काही रात्री बसले होते. त्यातली एक रात्र अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

वॉर्डात ३६ रुग्ण होते. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषाप्रमाणे अशा रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डाला ३ रुग्णांमागे १ परिचारिका लागते. तीन पाळ्यांत वाटणी केली की एका पाळीला ९ रुग्णांमागे १, शिवाय रजेसाठी ३० टक्के राखीव. ड्यूटी रजिस्टरात चार नावे होती, म्हणजे कागदावर हिशेब चोख जुळत होता. प्रत्यक्षात एक सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर, दुसरी आजारी आणि तिसरीला आयसीयूत पाठवलेले. उरल्या त्या रामबागेत राहणाऱ्या एकच सिस्टर आणि जीएनएम या नर्सिंग पदविकेच्या दुसऱ्या वर्षाच्या दोन मुली. शिकायला आलेल्या मुलींना मनुष्यबळात मोजणे मला मुळीच मान्य नाही. अशा रात्री त्यांना शिकवायला कोणालाच सवड नसते.

पावणेतीनच्या सुमारास सिस्टरांनी एका रुग्णाला रक्त सुरू केले. पहिली पंधरा मिनिटे त्याच्याजवळून हलायचे नसते, कारण रिअ‍ॅक्शन आली तर ती बहुधा तेव्हाच दिसते. नेमक्या त्याच वेळी पलीकडच्या रांगेतल्या आजोबांना धाप लागली. सलाइन फार वेगाने जात होते. विद्यार्थिनी माझ्याकडे धावत आली, "मॅडम, काय करू?" निरीक्षकाने कामात हात घालायचा नाही, हा आमचा नियम, पण मी आधी परिचारिका आहे. मी घड्याळ आणि तक्ता खाली ठेवला, सलाइन बंद केले, आजोबांना उठवून बसवले, ऑक्सिजन लावला आणि मुलीला डॉक्टरांना बोलवायला पाठवले. त्या वेळेतल्या नोंदी मी नंतर अभ्यासातून काढून टाकल्या.

२००२ साली अमेरिकी परिचर्या संशोधक लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांच्या अभ्यासातून दाखवले होते की परिचारिकेमागे एकेक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या तीस दिवसांतील मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. हा आकडा मी वर्गात कितीदा शिकवला आहे. त्या पंधरा मिनिटांत तो आजोबांच्या छातीत ऐकू आला.

सकाळी चार्ज देताना सिस्टर माझ्याजवळ आल्या. केलेल्या कामांची यादी त्यांनी मागितलीच नाही. "ताई, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून बारा नंबरच्या आजींची कूस बदलायची असते, ती दोनदा राहिली," त्या म्हणाल्या, "रजिस्टरात तर बदलली असंच लिहावं लागतं. तुमच्या कागदावर तरी राहिली असं लिहा."

मी तसेच लिहिले.